एका वाक्याची भूमिका

मे महिन्यात गोव्यातल्या नाक्यानाक्यांवर दोन प्रकारचे फलक दिसतात. एक देवळांच्या वर्धापनदिनांचे आणि दुसरे मुलांच्या उन्हाळी शिबिरांचे. पहिल्या फलकावर शेवटची ओळ असते, 'रात्रौ १० वाजता नाट्यप्रयोग'. दुसऱ्यावर असते, 'समारोपाला मुलांचे नाटक'. गोमंतकीय माणसाला नाटक झाल्याशिवाय काही संपल्यासारखे वाटत नाही असे गमतीने म्हणतात, ते अगदीच खोटे नाही.

या समारोपाच्या नाटकाबद्दल आज थोडे बोलायचे आहे. ते बंदच करावे असे एक मत हल्ली ऐकू येते. मुलांना खेळू द्यावे, बागडू द्यावे, प्रयोगाचा ताण कशाला, असा त्यामागचा विचार. दुसरे मत पालकांचे. शुल्क भरले आहे, दहा दिवस ने-आण केली आहे, तेव्हा शेवटी डोळ्यांना काही दिसले पाहिजे. मला ही दोन्ही मते पटत नाहीत. नाटक झालेच पाहिजे असे माझे ठाम मत आहे, कारण प्रेक्षकांसमोर न झालेले नाटक हे नाटक नव्हे, ती तालीम. पण आज ज्या पद्धतीने ते होते त्यात मुलाच्या हाती फार थोडे लागते, आणि जे लागते त्याचीही आपण मोठी माणसे किंमत करत नाही.

आधी साधा हिशेब मांडू. शिबिर दहा दिवसांचे, रोज दोन तास. म्हणजे एकूण वीस तास. मुले तीस. समारोपाचे नाटक अर्ध्या तासाचे. प्रत्येकाला सारखे वाटून दिले तरी वाट्याला एकेक मिनिट येते. प्रत्यक्षात ते सारखे वाटले जात नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भूमिका ठरतात. ज्याचा आवाज मोठा, ज्याचे पाठांतर चटकन होते, जो गणपतीत दोन वर्षे स्टेजवर उभा राहून आला आहे, तो राजा होतो. मागचे वीसजण प्रजा, ढग, झाडे आणि ससे होतात. पुढचे सहा दिवस राजाची तालीम चालते आणि झाडे भिंतीला टेकून बसतात. दिग्दर्शकाचाही यात फारसा दोष नसतो. अर्ध्या तासाचे नाटक वीस तासांत तीस मुलांकडून उभे करायचे म्हटले की कोणीही हेच करील.

आता दिवसही कमी झाले आहेत. २०२५ साली गोव्यात सहावीच्या पुढच्या बहुतेक वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू करण्यात आले. पूर्वी परीक्षा संपली की जून उजाडेपर्यंत रान मोकळे असायचे. आता मोठ्या मुलांच्या हाती उरतो तो मे, आणि त्यातही आजोळ, लग्ने, देवदर्शने. त्यामुळे शिबिर आणखी आखूड आणि नाटक आणखी घाईचे.

पूर्वी आपल्याकडे मूल रंगमंचावर कसे चढायचे ते आठवून पाहण्यासारखे आहे. शिबिर हा शब्दही तेव्हा गावात नव्हता. जत्रेला, कालोत्सवाला, शिगम्याला, पालखीच्या रात्री गावातले लोक स्वतः नाटक बसवत. आजही बसवतात. पौराणिक नाटक असले की त्यात एखादे मूल लागायचेच. हरिश्चंद्राच्या नाटकात रोहिदास, कुठे ध्रुव, कुठे प्रल्हाद, कुठे लव-कुश, कुठे चिलया. काल्यात बाळकृष्ण व्हायला लहान मूलच हवे. गावातला एखादा चुणचुणीत पोर पकडून आणायचा आणि मोठ्यांच्या तालमीत बसवायचा. तालीम रात्रीची, कारण दिवसा हरिश्चंद्र कुळागरात असे नाही तर दुकानात. पोर पायपेटीच्या शेजारी बसून सगळे नाटक ऐकायचे, मध्येच पेंगायचे, आपला प्रवेश आला की कोणीतरी त्याला हलवून उठवायचे.

या पद्धतीत एक गोष्ट आपोआप व्हायची. त्या पोराची वाक्ये चार असली तरी त्याला अख्खे नाटक पाठ व्हायचे. राजाचे, राणीचे, विश्वामित्राचे, सगळ्यांचे. पदेसुद्धा. पुढे तोच मुलगा मिसरूड फुटल्यावर दुय्यम भूमिका करायचा, मग नायक व्हायचा, आवाज गेला की प्रॉम्प्टिंगला बसायचा. गावात नाट्यविद्यालय नव्हते, पण शिक्षणाची साखळी होती, आणि तिची पहिली कडी म्हणजे मोठ्यांच्या मध्ये बसलेले ते मूल. शिबिरात हे होत नाही. तिथे तीस मुले एका वयाची आणि शिकवणारा एक. ज्याच्याकडे बघून शिकावे असा अभिनय करणारा मोठा माणूस त्यांच्या आसपास नसतो. मुले एकमेकांचीच नक्कल करतात, आणि सगळे राजे एकाच सुरात ओरडतात.

पण त्या जुन्या काळाचे गोडवे गाताना हातचे राखून गायला हवेत. त्या रंगमंचावर पोर म्हणजे पोरगाच. घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या मुलीने उत्सवाच्या नाटकात तोंडाला रंग लावणे अनेक गावांत कितीतरी उशिरापर्यंत निषिद्ध होते. स्त्रीभूमिकाही पुरुषच करत. गायन-नृत्याचा खरा वारसा सांभाळणाऱ्या कलावंत समाजातल्या स्त्रियांना समाजाने मान देताना किती कंजूषपणा केला, तेही आपण जाणतो. शिवाय कोणत्या मांडावर कोणी उभे राहायचे हे जातीने ठरलेले. आजच्या शिबिरात मुली मुलांपेक्षा जास्त दिसतात आणि नाव नोंदवताना कोणी आडनावाचे मूळ विचारत नाही. हा फायदा लहान नाही. म्हणूनच शिबिरे मोडीत काढून सगळ्यांनी देवळाच्या मंडपात परत जावे असे मी म्हणणार नाही. मंडपातली एक चांगली गोष्ट शिबिरात आणता येईल का, एवढाच प्रश्न आहे.

मराठी बालरंगभूमीचा इतिहासही इथे थोडा उपयोगी पडतो. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर'तर्फे रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. मतकरींनी १९६२ मध्ये स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही नाटके पाहून एक पिढी वाढली. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली होती, आणि २०१८ च्या सुमारास ते नाटक नव्याने आले तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली. म्हणजे ही नाटके मुलांसाठी होती, पण त्यांत कसलेले मोठे नट उभे असत. मुलाला ते प्रेक्षागृहात बसवून उत्तम नाटक दाखवत. शिबिराचे नाटक वेगळे. ते मुलांनी केलेले आणि मोठ्यांसाठीचे. प्रेक्षागृहात आई, बाबा, आजी, आत्या. त्या नाटकात मुलांच्या आवडीचे काय आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो. ज्या मुलाने एकही चांगले बालनाट्य पाहिलेले नाही, त्याला दहा दिवसांत ते करून दाखवायला सांगतो. ज्याने कधी भजन ऐकले नाही त्याला एकदम बारी म्हणायला बसवण्यासारखेच हे.

मतकरींचीच आणखी एक गोष्ट. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधीची काही वर्षे ते ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' या उपक्रमात वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करत होते. त्या मुलांनी आपल्या वस्तीतले, घरातले विषय घेऊन नाटुकली उभी केली. ज्या माणसाने राक्षस आणि चेटकिणीने मराठी मुलांना वेड लावले, त्यालाच शेवटी वाटले की मुलांच्या तोंडी त्यांचे स्वतःचे बोलणे यावे. शिबिरे चालवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि बोलण्याचा विषय निघाला की गोव्यात भाषेचा विषय टळत नाही.

इथल्या शिबिरातल्या बहुतेक मुलांची घरची बोली कोंकणी असते. शाळा इंग्रजी. टीव्ही आणि मोबाईलवर हिंदी. मराठी येते ती फक्त नाटकात. मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि घरात कोंकणी बोलणारी मुले मराठीत लिहू-वाचू लागली. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही सरकारी अनुदान देण्याचा निर्णय झाला, त्याच्या आधीपासूनच मराठी शाळांचा पट घसरत होता, नंतर तो आणखी घसरला. आज शिबिरात संहितेचे कागद वाटले की काही मुले हळूच विचारतात, इंग्लिश अक्षरांत मिळेल का? मग रोमन लिपीत लिहून दिले जाते आणि मूल 'पाणी'चा 'पानी' आणि 'बाळ'चा 'बाल' वाचते. मग उच्चार सुधारण्यात चार दिवस जातात.

दोन-तीन वर्षांपूर्वी अशाच एका शिबिराच्या समारोपाला मी गेलो होतो. गाव आणि संस्था सांगत नाही. नाटक राजाचे होते. प्रजेपैकी एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीला एकच वाक्य होते. तिने धावत येऊन सांगायचे, महाराज, गावच्या विहिरीला पाणी नाही. ती धावत आली, राजासमोर थांबली आणि तिचे वाक्य गेले. विंगेतून प्रॉम्प्टिंग झाले, पण पंख्यांच्या आवाजात ते तिला ऐकू आले नसावे. सभागृह स्तब्ध. तिने एकदा मागे पाहिले, मग राजाकडे पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "महाराज, बांयत उदक ना!"

सभागृहात हशा पिकला. राजा झालेला मुलगा क्षणभर गोंधळला, पण त्याला अर्थ कळलाच होता. त्याने आपले पुढचे वाक्य मराठीत म्हटले आणि नाटक पुढे सरकले. नंतर चहाच्या वेळी शिबिराचे एक संचालक त्या मुलीच्या आईला सांगत होते, "पाठांतर कच्चे आहे हो हिचे. स्पर्धेत असते तर आमचे गुण गेले असते." आई ओशाळून हसली. मुलगी आईच्या साडीच्या पदराशी चाळा करत उभी होती.

मला त्या संचालकांना सांगावेसे वाटले, आणि मी सांगितलेही, की आजच्या नाटकात अभिनय म्हणावा असा एकच क्षण झाला आणि तो या मुलीचा. पाठ केलेले वाक्य म्हणणे ही पहिली पायरी. वाक्य गेले तरी आपण इथे कशाला आलो आहोत, समोर कोण आहे, त्याला काय कळले पाहिजे, हे डोक्यात राहणे ही पुढची. तिला गावाला पाणी नाही हे राजाला सांगायचे होते, आणि तिने ते ज्या भाषेत सुचले त्या भाषेत सांगितले. समोरच्या मुलाचा प्रवेश तिने वाचवला. उत्सवी नाटकात मोठमोठ्या हरिश्चंद्रांनी वाक्य गेल्यावर वेळ मारून नेलेली आपण पाहिली आहे आणि त्याचे किस्से वर्षानुवर्षे कौतुकाने सांगितले आहेत. नऊ वर्षांच्या मुलीने तेच केले तर ते पाठांतर कच्चे!

यावर माझे मराठीवादी मित्र म्हणतील, मग मराठीचे काय? हळूहळू सगळेच नाटक कोंकणीत घसरेल. मला उलट वाटते. गोव्यात मराठी टिकली ती कोंकणी बोलणाऱ्यांच्या जिभेवर. घरात 'यो' आणि 'वच' म्हणणारा माणूस रात्री देवळापुढे 'प्राणनाथ' म्हणत होता आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नव्हते. त्याने मराठी व्याकरण शिकून नाटक केले नाही, नाटक करता करता मराठी त्याच्या अंगात मुरली. कानाने आली, म्हणून टिकली. बेळगावात शेजारी कन्नड असते, बडोद्यात गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी. तिथल्या मराठी घरांतही शाळेने सोडलेली भाषा गणेशोत्सवातल्या नाटकाने थोडीफार धरून ठेवली आहे. अशा ठिकाणी मुलाच्या तोंडून दुसऱ्या भाषेचा शब्द गेला म्हणून आपण हसलो किंवा रागावलो, तर ते मूल पुढच्या वर्षी येत नाही. कोंकणी तर त्याच्या घरची आहे, ती कुठे जात नाही. जाते ती मराठीच.

म्हणून मला वाटते, शिबिरात पहिले पाच दिवस कागदच देऊ नये. ना देवनागरी, ना रोमन. दिग्दर्शकाने गोष्ट सांगावी, मुलांनी ती आपल्या बोलीत करून पाहावी. मग हळूहळू मराठी वाक्ये तोंडी द्यावीत, सगळ्यांना सगळी. आज तू राजा, उद्या ती राजा, परवा राजा झाड. कोणाची कोणती भूमिका हे शेवटच्या दोन दिवसांत ठरवावे. पाठांतराचा प्रश्न येत नाही, कारण ऐकून ऐकून अख्खे नाटक सगळ्यांना आलेले असते. पायपेटीशेजारी बसलेल्या त्या पोराला जे आपोआप मिळायचे, ते इथे जाणूनबुजून द्यायचे, एवढेच.

दुसरी गोष्ट, संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मुलांना नुसते ओठ हलवायला लावण्याचा प्रकार ताबडतोब बंद व्हावा. शाळांच्या स्नेहसंमेलनात तो रुळला आहे आणि आता शिबिरातही शिरला आहे. कारण दिले जाते की माईक पुरत नाहीत, मुलांचे आवाज पोचत नाहीत. मग एवढे मोठे सभागृह घेता कशाला? पन्नास-साठ माणसे बसतील असा देवळाचा मंडप, वाचनालयाची खोली, शाळेचा व्हरांडा पुरे. मुलाचा आवाज जिथपर्यंत पोचतो तेवढाच त्याचा रंगमंच. दोन दिवस आधी मुद्रित केलेल्या आपल्याच आवाजामागे धावणाऱ्या मुलाला काय कळणार, की आपण थांबलो तर समोरचे थांबतात, आपण हळू बोललो तर लोक कान देतात? नाटकातली गंमत तीच आहे, आणि ती आपण पेनड्राइव्हमध्ये घालून टाकतो.

तिसरी गोष्ट खर्चाची नव्हे, कष्टाची आहे. एकच प्रयोग करू नका. तीन करा. एक पालकांसमोर, एक शेजारच्या वाड्यावरच्या मुलांसमोर, एक गावातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर. पहिल्या प्रयोगात मूल घाबरलेले असते, त्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही. दुसऱ्या वेळी त्याला कळते की कालचे हसे आज आले नाही. तिसऱ्या वेळी ते का आले नाही याचा विचार सुरू होतो. दहा दिवसांच्या शिकवणीत जे येत नाही ते तिसऱ्या प्रयोगात येते. शिवाय तिसऱ्या प्रयोगाला आईबाबांचे मोबाईल नसतात. पहिल्या प्रयोगात अर्धे पालक उभे राहून चित्रण करत असतात आणि मूल राजाकडे पाहायचे सोडून आपला मोबाईल कोणता ते शोधत असते.

राहता राहिला प्रश्न झाडांचा. माझ्या मुलाला झाड का केले, ही तक्रार दर वर्षी होते आणि ती करणाऱ्या आईबापांना मी दोष देत नाही. ज्या नाटकात झाडाला पुठ्ठा धरून उभे राहण्यापलीकडे काम नाही, ते नाटक लिहिणाऱ्यानेच चुकीचे लिहिले आहे. पण एका वाक्याची भूमिका लहान असते हे मात्र मी मानत नाही. ते वाक्य आले नाही तर राजा पुढे बोलू शकत नाही. आपल्या वाक्याची वाट पाहत वीस मिनिटे जागे राहणे, दुसऱ्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकणे आणि नेमक्या क्षणी आत जाणे, हे राजाच्या कामापेक्षा अवघड आहे. आजच्या मुलांना, आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही, बोलता भरपूर येते. दुसऱ्याचे ऐकून घेणे कमी झाले आहे. ते शिकवणारी जागा नाटकासारखी दुसरी नाही. 'स्टेज डेअरिंग' यावे म्हणून मुलाला शिबिरात घालतो असे पालक सांगतात. ते येईल न येईल. आपली पाळी येईपर्यंत ऐकत राहायची सवय लागली, तर ती जन्मभर उपयोगी पडेल.

तेव्हा या मे महिन्यात मूल तालमीहून घरी आले की, "तुला किती वाक्ये आहेत?" हे विचारू नका. त्याला विचारा, "तुझ्या आधी कोण बोलतो, आणि काय बोलतो?" त्याला सांगता आले, तर शिबिराचे पैसे वसूल झाले असे खुशाल समजा. मग ते राजा असो, नाही तर झाड.